अबोल्याचा अकरावा दिवस

३ मार्च
वही घेऊन पाच महिने झाले. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर एक जहाज. बाकी उद्यापासून, उद्यापासून. पण आज लिहिणारच. सूड लेखी असला की पक्का होतो.
गुन्हेगार : रूममेट, उर्फ ठोकळा. प्रोजेक्ट दोघांचा. मला म्हणाला, प्रेझेंटेशन तू करतोस का? मी म्हणालो, छे, तूच कर. आता माणसाने म्हणावं, अरे कर की. मग आपण आढेवेढे घेत तिसऱ्यांदा विचारल्यावर उभं राहायचं. हा ओके म्हणाला आणि सगळं स्वतःकडे घेतलं! सूपचंही तेच. घेणार? नको. पातेलं धुऊन मोकळा.
निर्णय : अबोला. पाया पडेपर्यंत.

५ मार्च
एक शब्द नाही. कपाटाचं दार दोनदा आपटलं. ठोकळ्याने बिजागरीला तेल घातलं.

८ मार्च
घरी असतो तर आईने तासाभरात विचारलं असतं, काय रे, कुठे बिनसलं? बाबांचं वेगळं. इकडे परदेशात शिकायला निघालो तेव्हा म्हणाले, सहा महिन्यांत परत येशील. तेव्हापासून बोलत नाहीत. म्हणून तर पास व्हायलाच हवं.
आईचा फोन. ठोकळ्याशी बोलली म्हणे, किती गुणी पोरगा! आईशीही अबोला.

११ मार्च
दारावर ठोकळ्याची चिठ्ठी : शांततेबद्दल आभार, अभ्यास मस्त चाललाय. आतून खचलाय, स्पष्ट दिसतं. यापुढे त्याच्या चिठ्ठ्या वाचणार नाही.
प्रोजेक्टच्या बाईंनी विचारलं, काही अडचण? मी नाही म्हणालो, पण दगडालाही कळावं अशा आवाजात. छान म्हणून गेल्या. बाईही यादीत.

१२ मार्च
उद्याच्या प्रेझेंटेशनच्या तयारीला लायब्ररीत गेलो. जहाजांचं पुस्तक सापडलं. संध्याकाळ झाली.
प्लॅन : उद्या ठोकळा अडकेल, वळून माझ्याकडे बघेल. मी छताकडे बघेन.

१३ मार्च
अडकला नाही मेला. शेवटी बाई मला म्हणाल्या, तुला काही बोलायचंय? मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.
ठोकळा पास. मी नापास. फेरपरीक्षेचा अर्ज सोमवारी पाचपर्यंत, तोही आपण होऊन मागायचा. मी मागू? येतील झक मारत.

१६ मार्च, दुपारी ४.४०
कोणी आलं नाही. अर्ज टेबलावर आहे, ठोकळ्यानेच आणून ठेवला. फक्त सही बाकी. एकदा, फक्त एकदा कोणी म्हणावं, कर रे बाबा सही.

४.५०
ठोकळा विमानतळावरून कोणाला तरी घेऊन आलाय. दारावर चिठ्ठी लावली होती म्हणे.
बाबा! यांनी पासपोर्ट कधी काढला? आईनेच पाठवलं असणार. बॅग हातातच आहे. अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत. मीही नाही.
ठोकळ्याने त्यांना विचारलं, सूप घेणार?
बाबा म्हणाले, नको नको.
नळ सुरू झाला.