धुरीपुरता ओवा

सोनाळा

प्रिय सुचिता,

तीन वर्षांनी माय लिहून राह्यली म्हणून घाबरू नको, घरी सगळं ठीक आहे. पण तुया बाबाचं काही खरं नाही. माणूस लपवाछपवी करून राह्यला, अन् मले ते कळत नाही असं त्याले वाटते.

सुरुवात झाली भादव्यात. दहा वर्षं या माणसानं बीटी कपाशीशिवाय दुसरं नाव घेतलं नाही. गुलाबी अळीनं बोंडं पोखरली तरी हट्ट सुटला नाही. अन् औंदा मले न विचारता विहिरीजवळच्या वावरात ओवा पेरला! मी म्हटलं, काऊन? म्हणे, कमी पाण्यात येते. मनात पाल चुकचुकली. फवारणीचं औषध पिऊन गावात कोण कोण गेलं, ते तुले माहीत आहे. त्या भेवानं मी त्याच्यावर नजर ठेवून होती. औषधाचा डबा तर केव्हाच लपवला.

ओवा निघाला मात्र झकास. हातावर चोळला तर नाक मोकळं होते. तुया आजीच्या वेळी आपल्या वावरात ओवा असायचाच. पोट दुखलं की ओवा अन् काळं मीठ, छाती भरली की तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी. मंग कपाशी आली, अन् आपण ओवा दुकानातून पुडीत आणू लागलो.

तर पहिल्या चाळणीचा ओवा यानं वेगळा काढला. कोणासाठी? म्हणे, खामगावच्या मेहबूब व्यापाऱ्याले दाखवाले. दर आठ दिवसांनी खामगाव! इस्त्रीचा सदरा घालून कोणी भाव पाहाले जाते का? मले तं शेजारच्या सिंधूताईचाही संशय आला, हस तू. मंग एक दिवस जेवता जेवता विचारते, बाळंतिणीच्या सवा महिन्याच्या धुरीले ओवा किती लागते? मित्राच्या सुनेसाठी, म्हणे. खोटं बोलावं तं नीट बोलावं नं! मी तशीच माळ्यावर चढली. तुया पाळण्याच्या साखळ्या जागेवर नव्हत्या.

म्हणजे तू बाळंतीण झाली, अन् तो खामगावात तुयाकडेच येते. केव्हापासून गं? मले राग आला, लय आला, अन् मंग मी कोठीमागं बसून रडली. तू अजहरसोबत लग्न केलं तवा दार मी लावलं होतं, त्यानं नाही. तोंड दाखवू नको म्हटलं, ते बी मीच.

उद्या तो ओव्याची पिशवी घेऊन निघन. तिच्यात निम्म्या काड्या अन् माती होती, पुरुषमाणसाच्या हातचं काम! मी सगळा ओवा पुन्हा पाखडला अन् तळाशी हे पत्र ठेवलं. त्याले सांगू नको, आपण लय हुशार असं वाटू दे. धुरी तुया सासूले, नूरजहांबीले, येतच असन. पण निखारा किती, ओवा किती, हे मी माया मायकडून शिकली. ते मले माया हातानं करायचं आहे. आपल्यात कोणाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. मी आलेली चालत असन तर तिच्यात मूठभर साखर टाक. नसन चालत तर रिकामी पाठव. मी तिच्यात पुन्हा ओवा भरीन.

तुयीच,
माय