अजून पॅकअप झालेलं नाही

सोमवार, ३ तारीख

आजपासून मी मॅनेजर! चौदा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गाड्या मागवल्या, परवानग्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, रुसलेल्या नायिकांच्या मिनतवाऱ्या केल्या. आता दारावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे. खोली काडेपेटीएवढी, पण खिडकीतून फाटकही दिसतं आणि शूटिंगचे तिन्ही फ्लोअरही. आमची मालिका एक आणि दोनवर चालते, तिसरा बंद आहे. फाटकवाल्या काकांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, त्यात तिसऱ्याचीही किल्ली आहे. बंद फ्लोअरची असून तीच सगळ्यांत गुळगुळीत.

आईला फोन केला. शेजारच्या काकू तिला विचारत असतात, मुलगी पडद्यावर कधी दिसणार. मी म्हटलं, माझं काम नीट झालं तर मी कुणालाच दिसत नाही, बिघडलं तर सगळ्यांना मीच दिसते. मग तिला समजावलं की दिवसाचं शूटिंग संपलं की पॅकअप मीच जाहीर करते आणि त्यानंतरच लोक घरी जातात. तिने विचारलं, मग तुला घरी जा असं कोण सांगतं? कुणीच नाही, मी म्हटलं. युनिटमधला शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडला की मी निघते, हा माझा नियम. आई म्हणाली, लहानपणी जेवायलाही तू सगळ्यांत शेवटीच यायचीस, पण तेव्हा निदान हाका मारायला मी होते.

बुधवार, ५ तारीख

आमचं युनिट बासष्ट जणांचं. आज जेवणानंतर खरकटी ताटं निघाली एकशे तीन. जेवणवाले मामा माझ्यावरच खेकसले की माणसं नीट मोजून सांगत जा. त्यांचं सगळं संपलं होतं आणि शेवटचे सहाजण अर्धपोटी राहिले होते. मी तीनदा मोजली, बासष्टच. दिग्दर्शकाला आम्ही घाईसाहेब म्हणतो, कारण दिवसभर त्यांच्या तोंडात एकच शब्द, चला. त्यांनी तेवढ्यात निकाल लावला की जास्त मागवा आणि चला.

माझ्या युनिटमधलं कुणी अर्धपोटी राहिलेलं मला खपत नाही. उद्याच्या कॉलशीटवर, म्हणजे कोण किती वाजता हजर राहणार त्या कागदावर, मी माझ्या हाताने लिहिलं: एकूण माणसं, एकशे तीन.

गुरुवार, ६ तारीख

आज सगळे पोटभर जेवले. एकशे तीन ताटं गेली, एकशे तीन परत आली, अगदी चाटूनपुसून. त्यातली एकेचाळीस तिसऱ्या फ्लोअरच्या दाराशी नीट एकावर एक रचून ठेवलेली होती. फुकटे असले तरी शिस्तीचे दिसतात. काका ताटांकडे बघत राहिले. मी गंमत केली तरी हसले नाहीत.

शनिवार, ८ तारीख

सकाळी हजेरीवहीत बासष्ट सह्या झाल्या, संध्याकाळी बाहेर पडताना एकसष्ट. लाइटदादा नाहीत. पंचवीस वर्षं लाइट लावणारा, सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस. पिशवी खुंटीला तशीच, डबा धुऊन पालथा घातलेला. दोन्ही फ्लोअर पालथे घातले. शेवटी धीर करून त्यांच्या घरी फोन लावला.

वहिनी शांत होत्या. म्हणाल्या, आत्ताच ह्यांचा फोन आला होता, अजून पॅकअप झालेलं नाही म्हणाले, उशीर होईल.

मी बरोबर सात वाजता पॅकअप केलं होतं. ओरडून, सगळ्यांसमोर.

रविवार, ९ तारीख

सुट्टी असून आले. माझ्या कपाटात मागच्या बाजूला एक फाईल सापडली. तिसऱ्या फ्लोअरवरच्या एका मालिकेचा दिवसाचा अहवाल, बारा वर्षांपूर्वीचा. सुरुवात सकाळी सात. जेवण एक वाजता. हजर माणसं एकेचाळीस. पॅकअपची वेळ कोरी.

यादीत खाली बेचाळिसावी ओळ होती. लाइटदादांचं नाव. त्याच जुन्या अक्षरात, आणि शाई ओली. माझ्या बोटाला लागली.

काकांना फैलावर घेतलं तेव्हा ते बोलले. तेव्हाचा मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत निर्मात्याशी भांडला आणि तडक निघून गेला. युनिटला घरी जा असं कुणी सांगितलंच नाही. एकेचाळीस माणसं आत जाताना काकांनी पाहिली होती, बाहेर एकही आलं नाही. पोलिसांनी दार उघडलं तर फ्लोअर रिकामा. काका बारा वर्षं मूग गिळून बसले, कारण कुणी विश्वास ठेवला नसता.

बासष्ट आणि एकेचाळीस, एकशे तीन. कॉलशीटवर दोन युनिटं मीच एक केली. माझ्या हाताने, माझ्या सहीने. आज मला स्वतःची भयंकर चीड आली.

सोमवार, १० तारीख

केसवाल्या ताई गेल्या. त्रेचाळिसावी ओळ. त्यांच्या मुलीला फोन आला होता— अजून पॅकअप झालेलं नाही.

घाईसाहेब म्हणाले बदली माणसं मागवा आणि चला. निर्माताही तेच म्हणाला. मी दोघांच्या तोंडावर सांगितलं की बदली माणूस येणार नाही आणि उद्याची कॉलशीटही निघणार नाही. नोकरी जाईल, निर्माता म्हणाला. दारावरची पाटी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. दुपारी बाराला राहिलेल्या सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं, एकेक सही घेऊन.

आई म्हणाली सगळं टाकून निघून ये. काकाही म्हणाले, तुम्ही अजून जाऊ शकता, तो मॅनेजरही गेलाच होता. पण आत जाऊन पॅकअप केलंत तर मॅनेजर सगळ्यांच्या शेवटी, आणि तिथे तुम्हाला घरी जा असं कोण सांगणार?

तो गेला होता. मी तो नाही. ही माझी माणसं आहेत, ते एकेचाळीससुद्धा. जेवायला मीच घातलं ना त्यांना?

मंगळवार, ११ तारीख, दुपारी १२

काकांना हजेरीवही घेऊन फाटकात उभं केलंय. तिसऱ्या फ्लोअरची किल्ली लगेच फिरली.

१२:१०

फ्लोअर रिकामा नाही. दिवाणखान्याचा सेट, लाइट सुरू. सगळे आपापल्या जागी उभे. भीती वाटावी असे चेहरे नाहीत— फक्त दमलेले. फार दमलेले. लाइटदादा स्टँड धरून आहेत. ताईंच्या हातात कंगवा. सगळे माझ्याकडे बघतायत.

मॅनेजरची खुर्ची रिकामी आहे. बसले.

१२:२०

सोबत आणलेल्या जुन्या अहवालात पॅकअपची वेळ लिहिली. सही केली. उभी राहून ओरडले, पॅकअप. आवाज फाटला. पुन्हा ओरडले.

कुणीतरी रडलं. मग कुणीतरी लाइट बंद केला. चालायला लागले—

१२:४५

यादीवर खुणा करतेय. तीस. एकतीस. एक म्हातारी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. एकेचाळीस.

ताई.

लाइटदादा दारात थांबले होते, मी येईपर्यंत निघायला तयार नव्हते. ढकललं त्यांना. बाहेरून काका सह्या मोजतायत, ऐकू येतंय. त्रेचाळीस!

सगळे गेले. सगळे. नाकावर टिच्चून काढले—

दार लागलं.

किती वाजले माहीत नाही

यादीत चव्वेचाळिसावी ओळ. माझं नाव. त्याच अक्षरात. पॅकअपची वेळ— मी लिहिलेली— पुन्हा कोरी.

स्वतःलाच ओरडून पाहिलं. तीनदा. नाही चालत.

रडणार नाही. बारा वर्षांत इथून कुणी सुटलं नव्हतं, आज त्रेचाळीस जण घरी जेवतायत. उद्याची कॉलशीट लिहिलीय. सकाळी सात, हजर माणूस एक. रोज लिहीन. रोज ओरडेन. बघू कोण आधी दम—

फोन वाजतोय. आई.

काय सांगू? खोटं नाही बोलणार तिच्याशी. सांगते की बरी आहे. की जेवायला थांबू नकोस. की हाक मार, आई, जोरात, फाटकाशी येऊन— आणि आई, अजून पॅक