तू बाहेर बस

मंगळवार, दुपारी

प्रिय सरकार,

साष्टांग नमस्कार. प्रकृती ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, पण तू रोज बघतेसच, तेव्हा थापा मारत नाही. गळ्यात नळी आहे तोवर आवाज फुटायचा नाही, म्हणून हा कागद. मी गप्प आणि तू बोलतेस, म्हणजे घरच्यापेक्षा फारसं वेगळं काही नाही.

आज सकाळी फिजिओबाईंनी पुन्हा श्वासाचं मशीन काढलं. नळीला नुसता ऑक्सिजन. पहिले काही श्वास बरे गेले, मग छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "काका, मशीनकडे बघू नका. माझ्याकडे बघा. सावकाश." दरदरून घाम फुटला, पण घंटी दाबली नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत तग धरला.

उद्या दिवसभर काढणार आहेत. जमलं तर मशीन खोलीतून जाईल. नाही जमलं तर काय, ते मी विचारलं नाही.

उद्या मशीन काढताना बाहेर बसा म्हणाल्या, तर काल तू बाईंवर केवढी चिडलीस! "माझ्याच नवऱ्याजवळ मला बसू देत नाही म्हणजे काय?" दारातून सगळं ऐकू येत होतं. त्या बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

त्यांना बोल लावू नकोस. मशीन काढताना हिला बाहेर बसवा, हे मीच खाणाखुणा करून सांगितलं होतं. घे, लिहिलं एकदाचं.

कागद फाडू नकोस, पुढचं वाच. तू माझा हात धरून बसतेस आणि माझ्या वाटचा श्वास घ्यायला लागतेस. तुला कळतही नाही. खांदे वर, तोंड उघडं, भराभर. मग मीही तुझ्यामागे धावतो, धाप लागते आणि हात घंटीकडे जातो. दर वेळी हेच झालं. सगळ्यांना वाटलं, माझ्यात दम नाही. दम होता गं. तुझा चेहरा बघून अवसान गळत होतं.

आज जमलं. पण जमल्यावर बघायला तू नव्हतीस. वेड्यासारखा दाराकडे बघत राहिलो. मला भीती वाटते, फार वाटते, आणि उद्याचा अख्खा दिवस तुझ्याशिवाय काढायचा नाही मला.

तेव्हा उद्या आत ये. बाईंना मी सांगतो. हात धर, पण माझ्या छातीकडे बघू नकोस. शेजारणीच्या कागाळ्या सांग, पोराला शिव्या घाल, माझ्या पसाऱ्यावरून मला झाप. फक्त तुझा श्वास तू घे. माझा मी घेतो.

तुझाच, अजून इथेच असलेला,
नवरा