पत्ते पाडणाऱ्याचा तिसरा नियम

बाबा, तुझ्या राज्यातला तिसरा नियम मी काढून टाकला होता, आणि का काढला असं तू विचारलंस तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज ते द्यायला बसले आहे. फार उशीर झाला आहे हे मला माहीत आहे. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलींना मी दाराबाहेर उभं करायचे आणि त्यांची कारणं ऐकून घ्यायचे नाही, त्यामुळे मलाही कारणं सांगण्याचा हक्क नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

मी दहा वर्षांची आहे. मे महिना, खिडकीला ओलं पोतं लावलेलं, तरी समोरच्या खोलीत उभं राहवत नाही. तू मागावर बसला आहेस, पाय खालच्या खड्ड्यात, डोक्यावर जकार्डची लाकडी पेटी, आणि तिच्यातून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ खाली लोंबते आहे. पत्त्याला जिथे भोक, तिथला ताण्याचा उभा दोरा वर उचलला जातो. भोक नाही तिथला खालीच राहतो. एवढ्यावर लुगड्याच्या काठाला फूल उमटतं. गल्लीतल्या सगळ्या मागांचे पत्ते तूच पाडायचास, लोखंडी पंचाने, एकेक भोक मोजून. मी ते पत्ते सुतळीने क्रमाने ओवते. आई भिंतीशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरते. मला कंटाळा आला आहे, आणि तो मी मोठ्याने सांगते आहे.

"एक गाव होतं," तू दोऱ्यांतून धोटा फेकणं न थांबवता म्हणालास. "तिथं जादू होती. पण मंतर-फिंतर नाही. बुरुजावर आपल्यासारखी पेटी. तिच्यात पत्ता घातला, का ज्याचं भोक पाडलं ते वर उचलल्या जाते."

"काही बी?"

"काही बी. येशीचं दार, हिरीतलं पाणी, तापलेल्या पोराचा ताप."

"अन् हीर कोरडी असन तं?"

धोटा थांबला. तोवर कधी पाहिलं नव्हतंस तसं तू माझ्याकडे वळून पाहिलंस. "तं नाही येईन पाणी," तू हळूच म्हणालास. "जो दोरा ताण्यातच नाही, तो पेटी कुठून उचलन? लिहून ठेव वं. हा पयला नियम."

मी लिहिला. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर: जादू नवीन काही करत नाही, असलेलं वर उचलते. मग तो आपला उद्योगच झाला, आणि त्या गावाचं आपलं राज्य झालं. तू मागावर बसून गावात एकेक गोष्ट आणायचास आणि मी ती मोडायचा प्रयत्न करायचे. दोन पत्ते एकदम घातले तर? पत्ता पावसात भिजला तर? आई म्हणायची, "बाप तसा, लेक तशी. एवढ्यात हातभर काठ झाला असता." पण कांडी भरता भरता तीही कान देऊन ऐकायची.

दुसरा नियम माझ्या चुकीतून आला. त्याच सुट्टीत मी एक पत्ता उलटा ओवला. तुझ्या लक्षात येईपर्यंत अर्धं लुगडं विणून झालं होतं आणि प्रत्येक फुलाचं एक पान भलत्याच बाजूला वळलेलं होतं. तू मला मागाजवळ उभं केलंस आणि माझं बोट धरून काठावरून फिरवलंस. "पाह्य. हे पाह्य. अन् हे. चूक एकडाव होत नाही वं. माळ फिरली का थे परत येते. उसवली नाही तं येतच राह्यते." तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. नंतर लुगडी नेणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने लुगडं उलगडून काठावर नख ठेवलं आणि तो तुला उभ्या उभ्या नको ते बोलला, भर गल्लीत, लोक ऐकत असताना. तू म्हणालास, "माहाच हात चुकला." मी कांड्यांची टोपली घेऊन तिथेच बसले होते. तो गेल्यावर तू मला एवढंच विचारलंस, "दुसरा नियम लिहिला का?"

आणि तिसरा. गल्लीत कोणाच्या तरी लग्नाला निघालो होतो आणि आईच्या लुगड्याचा काठ नेहमीसारखा साधा होता. शेजारणींच्या काठांवरची फुलं तू पाडलेल्या पत्त्यांची होती. मी विचारलं, "आईच्या काठाले फूल काहून नाही?"

"याइले इचार," आई तुझ्याकडे बोट करून हसत म्हणाली. "साऱ्या गल्लीले फुलं वाटते, अन् घरी हे."

"आपल्या राज्यात नियमच हाय तसा," तू म्हणालास. "पत्ता पाडणाऱ्यासाठी पेटी चालत नाही. त्यानं सोतासाठी पाडलेल्या पत्त्यानं काही उचलल्या जात नाही."

"अन् तहान लागली तं? मरन का तो?" आईने विचारलं.

"मरन काहून? तीच तं गोष्ट हाय," तू म्हणालास, आणि टोपी घालून बाहेर पडलास. पुढे त्या गोष्टीत एक म्हातारा आला, पत्ते पाडणारा. तो एका पोरीला पत्ते पाडायला शिकवतो. तिला काही येत नाही, ती पुठ्ठे फाडते, तरी तो शिकवतच राहतो. तिसरा नियम मी वहीत लिहिला, पण मला तो आवडला नव्हता. मला वाटलं, आईला द्यायला तुझ्याकडे फूल नव्हतं म्हणून तू नियम केलास.

मग मी सायन्स कॉलेजात गेले. गल्लीतून सायकलवर कॉलेजात जाणारी मी एकटीच. तिथे पहिल्या महिन्यात एक मुलगी माझ्या 'मले'ला हसली, आणि दुसऱ्या महिन्यापासून मी 'मला' म्हणू लागले. घरी तुला 'तू' म्हणायची ती 'तुम्ही' म्हणू लागले. आईला वाटलं लेकीला मान द्यायची अक्कल आली.

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मी आपल्या राज्याची गोष्ट लिहिली. बुरूज, पेटी, वेशीचं दार, म्हातारा, पोरगी, सगळं. पहिले दोन नियम घेतले. तिसरा गाळला. आईचा साधा काठ मला नियम म्हणून छापायचा नव्हता. माझा म्हातारा स्वतःसाठीही पाणी उचलू शकत होता. मला ते पुरोगामी वाटलं होतं. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभाला तुला बोलावलं नव्हतं, तरी तू आलास. मागच्या दाराशी उभा होतास, धुतलेलं धोतर, टोपीला सुताचा एक तुकडा चिकटलेला. मी तुला पाहिलं होतं. मंचावर आमच्या प्राध्यापकांनी माइकसमोर कौतुकाने विचारलं, "परदेशात गणकयंत्रंसुद्धा अशा भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालतात. तुला हे सगळं सुचलं कसं?" मी म्हणाले, "ग्रंथालयात गणकयंत्रांवर एक लेख वाचला होता, सर."

तसा लेख मी वाचलेला नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा तू फाटकाजवळ कोणाकडून तरी अंक मागून घेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचत होतास. चौथी शिकलेला तू, अख्खी गोष्ट वाचून काढलीस. मी थांबून राहिले, मैत्रिणी निघून जाईपर्यंत. मग आपण चालू लागलो, मी सायकल धरून, तू बाजूने. लेखाबद्दल तू बोलशील म्हणून मी उत्तरं तयार करत होते. तू म्हणालास, "छान लिव्हलं. पण तिसरा नियम काहून काढला वं? तो काढला तं म्हातारा त्या पोरीले पत्ते पाडाले काहून शिकवते?"

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

हे मी म्हणाले. स्वच्छ, शुद्ध, मंचावर बोलले होते त्याच आवाजात. तू म्हणालास, "हाव, थेही खरंच हाय." बर्डीचा चढ आला तेव्हा माझ्या हातातून सायकल घेतलीस आणि घरापर्यंत तूच ढकलत नेलीस. त्यानंतर त्या गावाचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे. कामठीकडे यंत्रमाग वाढले, गल्लीतले माग एकेक करून बंद झाले, पत्ते मागायला कोणी येईना. तू पेटी उतरवून माळ्यावर टाकलीस आणि शहराबाहेर वाडीला एका गोदामात चौकीदारीला जाऊ लागलास. मी शाळेत शिकवायला लागले. आई गेली. मग तू खाटेला लागलास. त्या आजारात तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस, आणि मागत नाहीस म्हणजे लागत नसेल असं मी धरून चालले. सकाळी शाळेत जाताना उशाशी तांब्या भरून ठेवायचे. संध्याकाळी आले की तो कधी कधी तसाच भरलेला असायचा. तुझा हात तिथवर पोचत नव्हता हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं.

तू गेल्यानंतर काही वर्षांनी नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. हातात तो वार्षिकांक. शाळेच्या ग्रंथालयाला तो मीच दिला होता, हेही लिहून ठेवते.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"लवकर विचार."

"हा म्हातारा स्वतःसाठी पाणी उचलू शकते ना? मग तो त्या पोरीले शिकवते कायले? त्याचं तं काही अडलंच नाही."

तुझाच प्रश्न, जवळपास तुझ्याच शब्दांत, एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून. आणि त्या क्षणी मला तुझं गाव पहिल्यांदा पूर्ण दिसलं. म्हाताऱ्याला स्वतःसाठी पत्ता पाडता येत नाही. त्याला तहान लागेल त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी पाडता यायला हवा. म्हणून तो शिकवतो. पुठ्ठे फाडणाऱ्या पोरीवर इतका वेळ घालवतो तो मोठ्या मनाचा म्हणून नाही, त्याला तिची गरज आहे म्हणून. तिसरा नियम आईच्या काठावरचं पांघरूण नव्हता. सगळं राज्य त्याच्यावर उभं होतं. त्या दिवशी रस्त्यात तू तक्रार करत नव्हतास. काठात गेलेली चूक दाखवत होतास, माझं बोट धरून दाखवली होतीस तशीच.

"एक नियम कमी पडला वाटते, बाई," मुलगी म्हणाली. मग जरा लाजून, "हे सगळं राज्य तुम्हीच बनवलं?"

माळ फिरून परत आली होती, बाबा. उलटा पत्ता माझ्या हातात होता आणि उसवायला दोन शब्द पुरले असते.

"हो," मी म्हणाले. "मीच. घंटा होईल, वर्गात जा."

ती शाळा सोडून गेली. तिला कुठे शोधायचं मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. निवृत्त होताना तो अंक मी ग्रंथालयातून मागून घरी आणला. आज तो टेबलावर उघडा आहे. गोष्टीच्या नावाखाली माझं नाव आहे आणि त्याखाली बोटभर कोरी जागा आहे. तुझं नाव तिथे सहज मावेल. मुलींच्या वह्यांतल्या चुका जिने आयुष्यभर लाल शाईने खोडल्या, तिला एवढं एक नाव लिहायला किती वेळ लागावा? मी पेन उघडून बसले होते. दुपारची संध्याकाळ झाली.

लिहिलं नाही. हे पत्र घडी करून त्याच पानात ठेवते आहे. ते छापलेलं माझं एकटीचं नाव बघायला मला अजून आवडतं, बाबा.