थॅड घरीच राहणार

२ सप्टेंबर, मंगळवार

थॅडनं त्याचा जुना फोन मला दिला. आपण बोलायचं, तो लिहून घेतो. तारीखही स्वतःच टाकतो म्हणे. टाकत असेल. मी काही तपासायला जात नाही.

हे कोणासाठी नाही. दुसरं कोणी वाचणार नाही आणि मला वाचता येत नाही. गुपित ठेवायला यापेक्षा भक्कम पेटी कुठे मिळायची?

तर संकल्प. एक, दर मंगळवारी संध्याकाळी सहाला लायब्ररीच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वाचनाचा वर्ग असतो, तिथे जायचं. थॅडला शब्द दिलाय. दोन, थॅड लॉरेल बेंड सोडून कुठेही जाणार नाही.

थॅड माझा नातू. माझी लेक लोरेन गेली तेव्हा चार वर्षांचा होता. आता सतरा वर्षांचा आहे आणि दारातून आडवा होऊन आत येतो. फुटबॉलमध्ये तो लेफ्ट टॅकल. म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराला पाठीमागून कोणी तुडवू नये म्हणून उभी केलेली भिंत. अशा भिंतीला देशभर मागणी असते. एकवीस कॉलेजं मागे लागलीत. आमच्या गावच्या कॉलेजचं स्टेडियम माझ्या पोर्चमधून दिसतं. मग बाकीच्या वीस जणांनी पेट्रोल कशाला जाळावं?

आज त्यानं एक अक्षर शिकवलं. एल. उभी काठी आणि खाली तिचा पाय. म्हणाला, आजी, एल म्हणजे लॉरेल बेंड, आपल्या लाल टोप्यांवर असतो ना, तो. मी म्हटलं, कळलं. नीट बघितलं नाही. शेंगा उकडत ठेवल्या होत्या.

वर्गाला गेले नाही. पाऊस होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस नव्हता. गुडघा होता.

१४ सप्टेंबर, रविवार

मला वाचता येत नाही हे थॅड सोडून कोणाला माहीत नाही. मी सात वर्षांची असताना शाळेच्या वेळेला कापूस वेचत होते. पुढची साठ-पासष्ट वर्षं एका वाक्यावर काढली: चष्मा सापडत नाहीये. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, बायबल मांडीवर उघडं, स्तोत्रं तोंडपाठ, पानसुद्धा वेळेवर उलटते. शेजारची अर्लीन म्हणते, व्हर्नेल, तुझे चष्मे जातात कुठे गं? एवढ्या चष्म्यांनी नदी बुजली असती.

घरी सगळं थॅड वाचतो. विजेचं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्यांच्या बाटल्या. सात वर्षांचा होता तेव्हापासून. म्हणून तो इथे राहावा असं मुळीच नाही. तो राहावा कारण त्याला माझ्या हातच्या कॉर्नब्रेडशिवाय झोप येत नाही. परदेशात पोराचे हाल होतील. अलाबामाच्या बाहेर सगळा परदेशच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

थॅड आज म्हणाला, आजी, तू एकदा वाचायला शिकलीस ना, की कुठे जायचं ते मी मोकळ्या मनानं ठरवीन.

म्हणजे मी शिकले तर तो मोकळा. मी शिकले नाही तर?

मी असला हिशेब करणारी बाई नाही. आज रेडिओ होता म्हणून गेले नाही, एवढंच. आमच्या टीमवर गप्पांचा कार्यक्रम असतो, बडीचा, रोज सहाला. लोक फोन करून एकमेकांच्या आया-बहिणी काढायच्या तेवढ्या बाकी ठेवतात. आज वेन नावाचा ट्रकवाला म्हणत होता, पोरं आपल्या कॉलेजात येत नाहीत यात कोचची चूक नाही, गावाची आहे. ऑगस्टमध्ये चप्पल डांबराला चिकटते. डास कोंबडीएवढे. रविवारी संध्याकाळी काही खायचं तर पेट्रोल पंपावर जावं लागतं. सतरा वर्षांचं पोर इथे राहील कशाला?

थॅड ऐकत होता. हसला. मला ते हसू आवडलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

बडीला फोन केला. नाव सांगितलं डोलोरिस, मूळची शिकागोची, इथे येऊन दोन वर्षं झाली. म्हटलं, जगात इतकं गोड गाव पाहिलं नाही. संध्याकाळी नदीवरून वारा येतो, उकडलेल्या शेंगा खात बसावं. डास मला तरी एकही दिसला नाही. हे सांगताना पायावरचे चार मारले.

बडी म्हणाला, वा डोलोरिस, महापौर व्हा तुम्ही.

थॅड ऐकत होता. म्हणाला, शिकागोची बाई शेंगांना आपल्यासारखंच म्हणते, नाही?

कळलं नाही त्याला काही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डोलोरिसचा हा सहावा फोन. लोक तिची वाट बघतात. वर्ग आणि रेडिओ एकाच वेळी, त्याला मी काय करणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या कॉलेजचे कोच रेनफ्रो घरी आले. मिस व्हर्नेल इकडे, मिस व्हर्नेल तिकडे. माझं पीचचं गोड कॉब्लर तीनदा घेतलं. अशा माणसाच्या हातात पोर द्यायला हरकत नाही.

मग एक कागद पुढे केला. मिस व्हर्नेल, एकदा नजर घाला, मला लपवाछपवी आवडत नाही. मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. तर त्यांनी स्वतःचा काढून दिला! लावला. कागद तीन पायऱ्या खाली गेल्यासारखा दिसला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, दोनदा हं म्हटलं, आणि सांगितलं, उत्तम. अस्संच पाहिजे.

थॅड माझ्याकडे बघत राहिला. कोच खूश. माझा हात हातात घेऊन म्हणाले, इतकी समजूतदार आजी दक्षिणेत दुसरी नाही.

ते गेल्यावर थॅडनं सांगितलं. कागदावर नावं होती. त्याच्या जागेवर आधीच तिघांना घेतलंय. त्याला दोन वर्षं न खेळता बाकावर बसावं लागेल. म्हणाला, आजी, मी तुझ्याकडे बघत होतो, तू भांडशील म्हणून. आणि तू म्हणालीस उत्तम.

मी म्हटलं, बाकावर बसलास तर गुडघे शाबूत राहतील.

त्यानं भांडी घासली. एरवी घासताना गुणगुणतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज खरंच निघाले होते. फाटकापर्यंत गेले. अर्लीन समोर आली. विचारलं, कुठे? म्हटलं, कुठे नाही, हवा बघत होते. मग घरात येणं भाग पडलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डाकोटाहून एक कोच आले. लिंडक्विस्ट. कॉलेज नॉर्थ प्लेन्स. गाडीनं दोन दिवसांचा रस्ता. अंगात जाड कोट, कपाळावर घाम. कॉब्लर एकदाच घेतलं. माणूस बरा नाही.

कागद काढला. मी म्हटलं, चष्मा. तर चष्मा दिला नाही, काही विचारलं नाही, सरळ मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सावकाश. थॅड पहिल्या वर्षापासून खेळेल. शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं. दर रविवारी आजीला फोन करायची वेळ ठेवलेली.

मी बहिरी आहे का, मोठ्यानं वाचायला?

जाताना विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते, मॅम? मी म्हटलं, बर्फाची. पोराकडे कोट नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

परवापासून झोप नाही. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांच्या बाटल्या हातात घेऊन बसले. दोन्ही पांढऱ्या. थॅडनं सकाळच्या बाटलीला लाल रबर लावलंय. रबर तुटलं तर? रबर काय जन्मभर टिकतं?

ठरवलं. आता डोलोरिसला जोर लावावा लागेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

डोलोरिसनं रेडिओवर सांगितलं की तिच्या कानावर आलंय, त्या टॅकलच्या आजीचं हृदय फार नाजूक आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. अशा वेळी गाव सोडणारं पोर कसलं?

बडीनं सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. छान जमलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

छान जमलं नाही. सकाळी आठपासून चर्चच्या बायका. अकरा कॅसरोल, आजाऱ्याच्या घरी नेतात तसं भाजलेलं जेवण. अर्लीन दारातच रडली, मग मला शिडीवर पडदे लावताना पाहून रडणं आवरलं. थॅड सराव सोडून, डोक्यावर हेल्मेट तसंच, दीड मैल पळत आला. माझ्या छातीवर कान ठेवला. एवढं मोठं डोकं.

रेडिओ बंद केला. भिंतीकडे बघून म्हणाला, डोलोरिसला सांग, मंगळवारी वर्ग असतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी होती, लायब्ररी बंद. देव आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

थॅड काही सांगत नाही. विचारलं, ठरलं का? म्हणतो, कॉलेजच्या कागदावर सही करायच्या दिवशी कळेल. जास्त विचारलं तर मिठी मारतो. मिठी मारणारं पोर घर सोडत नसतं. सणाच्या टर्कीचं ठरवताना म्हणाला, पुढच्या वर्षी तू अर्लीन आज्जींकडे जा जेवायला. म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे. दुसरा काय अर्थ?

वर्गाला टर्कीमुळे गेले नाही.

३ डिसेंबर, बुधवार, सकाळ

आज सही. शाळेच्या जिममध्ये. टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडतात, पोर एक उचलून डोक्यावर घालतं, त्या कॉलेजात जाणार. मी पहिल्या रांगेत. लाल ड्रेस, लाल हॅट. टीमचा लाल. शब्द काय वाचायचेत, रंग दिसतो ना!

३ डिसेंबर, रात्र

लिहू नकोस म्हटलं तर हा फोन ऐकेल का? नाही ऐकत. बरं, लिही.

टेबलावर तीन टोप्या. एक निळी. दोन लाल. दोन लाल कशाला, असा विचार आला. वाटलं, एक जास्तीची, डोकं मोठं म्हणून. थॅडनं निळीवरून हात फिरवला, सगळे ओरडले, मग लाल उचलली आणि घातली.

मी उठले. बडी तिथेच होता, त्याचा कार्यक्रम जिममधून चालू होता. त्याच्या हातातला माइक घेतला आणि म्हटलं, सांगितलं नव्हतं? पोर घरीच राहणार! वेन, ऐकतोयस ना? डास चावू देत, पण पोर घरीच!

मागून कोणीतरी टोपीकडे बोट दाखवलं. आणि बडी हळूच म्हणाला, डोलोरिस?

मग थॅड आला. माझ्यासमोर खाली बसला, गुडघ्यावर. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि माझं बोट धरून त्या भरतकामावरून फिरवलं. एक खांब. एक तिरकी दांडी. दुसरा खांब. म्हणाला, आजी, हा एल नाही. हा एन आहे. नॉर्थ प्लेन्स.

एकच अक्षर. सप्टेंबरात शिकवलं होतं.

टीव्हीवाल्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते. कोणाचीही चूक झाली असती.

४ डिसेंबर, गुरुवार

अर्लीन आली. कॅसरोल नाही, रिकाम्या हातांनी. म्हणाली, व्हर्नेल, रविवारी स्तोत्राचा नंबर मी मोठ्यानं म्हणते, तो काय माझ्यासाठी? चाळीस वर्षं झाली. तू पान उलटतेस ना, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

मी म्हटलं, चष्मा.

ती म्हणाली, हो गं बाई, चष्मा. आणि कॉफी करायला गेली.

९ जानेवारी, शुक्रवार

थॅड गेला. कोट नवा, बाह्या आखूड. साडेतीनशे पौंडांचा माणूस, रडताना चार वर्षांचा दिसतो. मी रडले नाही. मी रडले असते तर त्यानं बॅग उतरवली असती. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. मग म्हटलं, जा, उशीर होतोय.

गोळ्यांच्या सगळ्या बाटल्यांना त्यानं तीन-तीन रबरं लावलीत. फ्रिजवर एक चिठ्ठी ठेवलीय. लांबलचक. अर्लीनला दाखवणार नाही. तिथेच राहू दे, मी वाचेन.

१३ जानेवारी, मंगळवार

गेले. फाटकाच्या पुढे गेले, अर्लीनला तोंडावर सांगून गेले, वर्गाला चाललेय. पाच वाजून पन्नास मिनिटांनी लायब्ररीच्या मागच्या दाराशी उभी. वही, दोन पेन्सिली.

दार बंद. आत अंधार. दारावर कागद चिकटवलेला, बरंच काही लिहिलेलं. वर्ग बंद पडला की खोली बदलली की आजच्यापुरती सुट्टी, कोण जाणे. एक बाई आली, कागदासमोर उभी राहिली, हं म्हणाली आणि गेली. विचारावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिच्या मागोमाग मीही हं म्हटलं.

तरी लगेच निघाले नाही. थंडीत उभी राहून कागद वरपासून खालपर्यंत बघितला. एक खांब, तिरकी दांडी, दुसरा खांब. सापडला! पुढे आणखी एक. खाली तिसरा.

घरी आले तर थॅडचा फोन. विचारलं, आजी, वर्गाला गेलीस? म्हटलं, गेले तर. तीन अक्षरं वाचली. केवढ्यानं ओरडला! मागे त्याची मित्रमंडळीही ओरडली. कुठली तीन, म्हणाला.

म्हटलं, एन.

आणि?

एन.

मग तो मित्रांपासून बाजूला गेला, तिकडचं वारं ऐकू आलं. हळूच विचारलं त्यानं, आजी, वर्ग भरला होता ना? दारावर काही लिहिलं होतं का?

मी म्हटलं, असेल. चष्मा घरी राहिला होता.