देठ वाळेपर्यंत

प्रिय बाबा,

जे खाता येत नाही, ते एवढं जिवापाड वाढवायचं कशाला? कामावर परत जाताना तुम्ही विचारलंत आणि बी.एस्सी. झालेली मी नुसती बिया पेरत राहिले. पण बाबा, शोभेचे भोपळे झाले! चांगले एकवीस! ऑफिसातल्या नोकरीबद्दलही लिहायचंय. माझ्यासाठी तुम्ही साहेबांकडे शब्द टाकलात, ते विसरलेले नाही. पण आधी भोपळे, नाहीतर मला दम निघणार नाही.

तुमच्या परांचीचे उरलेले बांबू बांधून मी अंगणात मांडव केला. खरी अडचण आईची. कोवळं फळ दिसलं की तिचा हात जातोच. वेलावर भोपळा जून झाला तर तिला घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. देठ वाळेपर्यंत हात लावू नकोस, असं बजावूनही पहिले तीन तिने भाजीत घातले. कडूजहर! धाकटीने घास थुंकला आणि म्हणाली, "आई, माझं काय चुकलं होतं गं?" तेव्हापासून आईच पहारेकरी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, काढा आता, जून झालेत." तर आई म्हणे, "होऊ द्यात. आमच्यात तशीच पद्धत आहे."

देठ तपकिरी झाले तेव्हा बोटभर देठ ठेवून आम्ही भोपळे कापले आणि वाळायला जिन्यात टांगले. पंधरा दिवसांत त्यांवर काळी बुरशी! कुजलेच, असं ठरवून मी नऊ कचऱ्यात टाकले आणि रडत बसले. (बुरशीच्या पेपरात मी वर्गात पहिली होते, हे कुणाला सांगू नका.) आईने एकेक उचलला, नखाने टोकून पाहिला. "टणक आहे की! घामोळं आलं म्हणून माणूस फेकून देतात का?" म्हणत सुरीच्या पाठीने खरवडत बसली. खाली बदामी नक्षी निघाली, बाबा! आणि गेल्या महिन्यात एक हलवला, तर आत बिया खुळखुळल्या. आम्ही तिघी जिन्यात बसून एकवीसच्या एकवीस कानाशी धरत होतो.

नाक्यावरच्या रोपवाटिकेच्या बाई ते पाहायला आल्या. आईला खोदून खोदून विचारलं, मग मला म्हणाल्या, "बियाण्यांचं काम बघशील?" तिथे खुर्ची नाही, पंखा नाही. "मी उन्हात भिंती लिंपल्या, तू सावलीत बस," हे तुमचं वाक्य मी रात्रंदिवस घोकलं. फोन केला असता तर तुमचा आवाज ऐकूनच माघार घेतली असती. म्हणून हे पत्र. साहेबांकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं. तुमचा शब्द मी मोडला, बाबा. रागवा, पण घरी या. काल सकाळी साहेबांना समक्ष भेटून मी नाही म्हणून आले, आणि दुपारी रोपवाटिकेत रुजू झाले.

तुमचीच,
थोरली