कारणाचा रकाना

१२ मार्च

चि. ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. पस्तिशीच्या पत्रकाराला ढब्ब्या म्हटलेलं खपवून घे. आईचा गुडघा बरा आहे; जिना चढते आणि वर जाऊन शेजारणीशी भांडते, म्हणजे तब्येत ठणठणीत. तुझ्या खोलीला फिका पिवळा रंग दिलाय. तू नाक मुरडणारच.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण हल्ली तुझा आवाज ऐकला की मी आईच्या गुडघ्याचंच बोलत बसते.

फोन कंपनीत माझं काम काय, ते तुला माहीत आहे. सरकारकडून नंबर येतात, कोण कोणाशी कधी बोललं ती यादी आम्ही काढून देतो. एका अधिकाऱ्याची सही पुरते. अर्जातला कारणाचा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. तसा परत पाठवला तर साहेबांची बोलणी खावी लागतात, म्हणून आम्हीच त्यात ‘तपासकामी’ लिहून टाकतो. पंधरा वर्षं लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी एका अर्जावर बारा नंबर होते. सातवा तुझा. मी ओळखला रे. घोटभर पाणी प्यायले आणि ‘तपासकामी’ लिहिलं.

त्या यादीवरूनच तुला बातमी देणारी नर्स सापडली आणि तिची नोकरी गेली. तिचं नाव तुझ्याशिवाय फक्त तुझ्या दोस्ताला, चष्मिशला माहीत होतं, म्हणून त्यानेच फोडलं असं तू धरून चाललास. शाळेपासूनची दोस्ती तोडलीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलास, तेव्हा मी चहा टाकला आणि म्हणाले, “जाऊ दे रे, माणसं अशीच असतात.”

त्याने काही केलं नाही. मी केलं.

आता कायदा बदलतोय. न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय यादी द्यायची नाही, आणि यादी मागणाऱ्यानेच कारण लिहायचं. त्यासाठीच्या समितीने आम्हाला बोलावलंय. साहेब म्हणाले, “बाई, नसत्या भानगडीत कशाला पडता?” शुक्रवारी मी जाणार आणि ते अक्षर माझं होतं हे सांगणार. नोकरी गेली तर जाईल. पण परक्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं.

नर्सबाईंच्या घरी परवा जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. त्यांचं बरोबरच आहे.

माझ्यावर रागव, वर्षभर बोलू नकोस, मी सोसेन. पण चष्मिशला आजच फोन कर. माझं नाव घेऊन सांग त्याला.

तू नको म्हणालास तरी तुझीच,
ताई